मेंढा (लेखा)
गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड गाव. इतिहास सामाजिक सिद्धांताला कसा दुरुस्त करतो, याचे महाराष्ट्रातील अत्यंत बोलके उदाहरण. सामायिक संपत्ती वापरणाऱ्यांच्याच हातून नष्ट होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. त्या मांडणीतली माणसे एकमेकांशी बोलतच नाहीत. येथे मात्र अभ्यासगटात विषयाची उलटसुलट चर्चा होते आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. वापरणारे स्वतःच नियम करून सामायिक संपत्ती टिकवू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना त्याच वर्षी या अभ्यासासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पण त्यांचे निष्कर्षही येथे जसेच्या तसे लावणे अपुरे ठरेल. ब्रिटिश अमदानीपासून वनखात्याने जंगलावर ताबा बसवला. तो इतिहास वगळला, तर बांबूविक्रीच्या अधिकारासाठी गाव २०११ पर्यंत का झगडले, हे उमगत नाही.