जी-८ आणि माराकाइबोचं रक्त

डीएनए प्रोब ही गोष्ट कोड लिहिणाऱ्याला पटकन कळते, कारण आमचा अर्धा दिवस शोधाशोधीतच जातो. लाखो ओळींच्या लॉगमध्ये एरर हुडकायची असेल तर आपण तिच्यातले दोन-चार शब्द सर्चच्या चौकटीत टाकतो. प्रोबचं काम साधारण असंच. डीएनएची चार अक्षरं: ए, टी, जी, सी. एची जोडी टीशी जमते, जीची सीशी. त्यामुळे डीएनएचा एक तुकडा एकेरी करून मोकळा सोडला, तर माणसाच्या ३०० कोटी अक्षरांमधून तो नेमका आपल्या जोडीदाराला जाऊन चिकटतो.

चिकटला हे दिसणार कसं? त्यासाठी तुकड्याला किरणोत्सारी फॉस्फरस लावतात. १९७५ मध्ये एडविन सदर्न या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पद्धत बसवून दिली: डीएनए एन्झाइमने कापायचा, जेलमध्ये तुकडे लांबीनुसार वेगळे करायचे, ते एका पातळ पडद्यावर उतरवून घ्यायचे आणि त्यावर प्रोब सोडायचा. मग वर एक्स-रे फिल्म ठेवून वाट बघायची. प्रोब जिथे बसला असेल तिथे काळी रेघ उमटते.

पण काय शोधायचंय हेच माहीत नसेल तर?

हंटिंग्टन या आजाराबाबत नेमका हाच प्रश्न होता. तो साधारण तिशी ते पन्नाशीत सुरू होतो. हातपाय आपोआप हलायला लागतात, तोल जातो, स्वभाव बदलतो, विचारशक्ती ढासळत जाते आणि काही वर्षांत माणूस जातो. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के. दोष कुठल्या जीनमध्ये आहे, तो जीन करतो काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या लिओनोर वेक्सलर यांना हा आजार असल्याचं निदान झालं. त्यांची मुलगी नॅन्सी तेव्हा विशीत होती. आईच्या निदानासोबत तिच्याही वाट्याला ते ५० टक्के आले. वडील मिल्टन यांनी संशोधनासाठी संस्था उभारली आणि नॅन्सी वेक्सलर पुढे त्याच कामात शिरल्या.

१९८० मध्ये डेव्हिड बॉट्स्टीन आणि सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. दोन माणसांच्या डीएनएत एखादं अक्षर वेगळं असलं, की एन्झाइम तिथे कापत नाही किंवा नव्याने कापतो. तुकड्याची लांबी बदलते आणि फिल्मवरची रेघ सरकते. जीन माहीत नसला तरी चालेल. कुटुंबात कोणती रेघ आजारासोबत पिढ्यान्‌पिढ्या उतरते ते बघा. रेघ म्हणजे मैलाचा दगड. तो सापडला की गाव जवळच आहे.

यासाठी खूप मोठं कुटुंब हवं होतं. ते व्हेनेझुएलात होतं. माराकाइबो सरोवराकाठच्या गरीब कोळी वस्त्यांमध्ये हा आजार पिढ्यांपासून होता. आमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टरांनी १९५०च्या दशकातच तो ओळखला होता. वेक्सलर आणि त्यांचं पथक तिथे वर्षानुवर्षं जात राहिलं. वंशावळी लिहिल्या, रक्त गोळा केलं. परक्यांना रक्त का द्यायचं, असं लोकांना वाटणं साहजिक होतं. तेव्हा पथकातल्या नर्सने वेक्सलर यांचा हात वर धरून कातडीचा नमुना घेतल्याची खूण सगळ्यांना दाखवली: हिच्या घरातही हा आजार आहे, हिनेही नमुना दिलाय. लोक पुढे आले.

ते रक्त बोस्टनला जेम्स गुसेला यांच्या प्रयोगशाळेत जायचं. हाती मोजकेच प्रोब होते आणि शोधायचा होता अख्खा जीनोम. कित्येक वर्षं जातील अशी सगळ्यांची तयारी होती. पण पहिल्या डझनभर प्रोबमध्येच एक लागला. नाव जी-८. नोव्हेंबर १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये जाहीर झालं की हंटिंग्टनचा जीन चौथ्या क्रोमोसोमवर आहे.

मला या इतिहासातला सगळ्यात अवघड भाग यानंतरचा वाटतो. जीन हाती नव्हता, पण शेजारचा दगड होता. तेवढ्यावर १९८६च्या सुमारास भाकीत करणारी चाचणी सुरू झाली. आजार होणार की नाही, हे लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी बऱ्याच खात्रीने सांगता येऊ लागलं. उपाय मात्र शून्य. शिवाय ही चाचणी एकट्याने करता येत नव्हती. प्रत्येक घरात आजारासोबत उतरणारी रेघ वेगळी, म्हणून नातेवाइकांचंही रक्त लागायचं. आजोबांना आजार होता, वडिलांनी चाचणी नाकारली आणि नातवाचा निकाल वाईट आला, तर वडिलांचाही निकाल न विचारता लागला. डेटा एकाचा, उत्तर सगळ्या घराचं.

चाचणी येण्याआधी अनेक जण म्हणत होते, आम्ही नक्की करू. आल्यावर फार थोड्यांनी केली. जिने शोधाची मोट बांधली त्या नॅन्सी वेक्सलर यांनीही आपलं उत्तर जाहीरपणे सांगितलं नाही. आपल्याला हा आजार आहे हे त्यांनी जगाला सांगितलं २०२० मध्ये.

दगडापासून गावापर्यंत पोचायला आणखी १० वर्षं लागली. १९९३ मध्ये जीन सापडला. त्यात सीएजी ही तीन अक्षरं लागोपाठ येतात. ही आवर्तनं ४० किंवा जास्त झाली की आजार होतो. आता चाचणीला नातेवाइकांचं रक्त लागत नाही. काही लक्षणं आवरणारी औषधं आहेत, आजार बरा करणारं औषध अजून नाही.

आज थुंकीची नळी कुरिअर करून मोबाइलवर आपला डीएनए रिपोर्ट वाचता येतो. तो उघडण्याआधी जी-८ आठवावा. सर्चला ‘कुठे’ एवढंच विचारता येतं. ‘कळल्यावर काय करशील’ आणि ‘घरच्यांना विचारलंस का’ हे प्रश्न कुठलाच प्रोब विचारत नाही. ते आपल्यालाच विचारावे लागतात, आणि बटण दाबायच्या आधी. माराकाइबोच्या त्या माणसांनी दिलेल्या रक्तामुळे जगभरच्या लोकांना निदान ही निवड तरी मिळाली. त्यांच्या वस्त्यांमध्ये आजार आणि गरिबी मात्र तशीच राहिली. उत्तर सापडलं म्हणून देणं फिटलेलं नाही.