अश्वाच्या पायाचा व्रण आणि वैद्याचे उत्तरदायित्व

घोडदळाच्या इतिहासात घोड्यांची संख्या, त्यांची किंमत आणि त्यांची पैदास यांची चर्चा विपुल आढळते. घोडा निकामी होण्याच्या एका नित्य कारणाकडे, म्हणजे पायाच्या चिघळलेल्या जखमेकडे, मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वस्तुतः या व्रणाच्या चिकित्सेत वैद्यकाचा इतिहास आणि दंडनीतीचा इतिहास एकमेकांस भिडतात. जनावर दगावले तर दोष कोणाचा, हा तो प्रश्न होय.

प्रथम व्रणाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. पुढील पायाच्या गुडघ्याखाली आणि मागील पायाच्या मोठ्या सांध्याखाली घोड्यास मांसल स्नायू जवळजवळ नसतात. तेथे कातडीखाली लगेच कंडरा, अस्थी व सांधे लागतात. जखम जमिनीलगत असल्याने ती माती व लीद यांनी दूषित होते. पू सांध्यात शिरल्यास घोडा पाय टेकू शकत नाही, आणि पाय न टेकणारा घोडा सहसा वाचत नाही. शिवाय, याच भागात भरून येणारे मांस कातडीच्या पातळीवर न थांबता वर वाढत जाते व जखम मिटू देत नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील अश्वाध्यक्षप्रकरणात या जोखमीची जबाबदारी स्पष्टपणे वैद्यावर टाकलेली आहे. उपचारातील वा औषधातील दोषामुळे व्याधी वाढल्यास चिकित्सेच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्या अपराधाने जनावर दगावल्यास त्याच्या मूल्याइतका दंड, असा हा नियम आहे. गाई, म्हशी, उंट, गाढवे व शेळ्यामेंढ्या यांनाही तो लागू केला आहे. ग्रंथाचा काळ विवाद्य असला, तरी अश्ववैद्य हा राज्याचा उत्तरदायी सेवक मानला जात होता, एवढे त्यावरून निश्चित होते.

या वैद्याजवळ ज्ञान कोणते होते? जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावावर असलेला अश्वचिकित्सेवरील ग्रंथ हे आयुर्वेदाच्याच सिद्धांतांवर उभे आहेत. शालिहोत्र या आचार्याच्या नावावरूनच लोकभाषेत घोड्याच्या वैद्यास ‘सालोत्री’ हे नाव मिळाले. आयुर्वेदातील व्रणविचाराचा आधार सुश्रुतसंहिता होय. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले असून आधी शोधन व मग रोपण हा त्यांतील मुख्य क्रम आहे. वाढलेले मांस खाली बसविण्याच्या ‘अवसादन’ या उपक्रमासाठी त्याने हिराकस, सैंधव इत्यादी द्रव्ये दिली आहेत. पुढील काळात मोरचूदही याच कामी वापरला गेला. अशी दाहक द्रव्ये कडेने येणाऱ्या नव्या कातडीसही जाळतात, म्हणून आज ते मांस शस्त्राने कापणे अधिक योग्य मानतात. त्यात मज्जातंतू नसल्याने कापताना वेदना होत नाहीत. साधन बदलले, तरी निदान जुनेच राहिले.

मराठ्यांच्या पागेतील व्यवस्था सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत नोंदली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, असे प्रमाण त्यात दिसते. घोड्याचा पाय रोज हाती घेणारा मनुष्य नालबंदच होय. तेव्हा खुरातील खिळा, भेग वा सूज प्रथम त्याच्याच दृष्टीस पडत असावी, हे अनुमान स्वाभाविक ठरते. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असल्याने अशा जखमेचा फटका सरळ त्याच्या उपजीविकेस बसे.

तथापि नालबंद व सालोत्री या दोघांच्याही आटोक्याबाहेरचा एक शत्रू होता. तो म्हणजे धनुर्वात. घोडा या रोगास विशेष बळी पडतो. खिळ्याची अरुंद, खोल जखम वरून भरलेली दिसत असतानाही जनावर ताठरते व मरते. आघातातून उद्भवलेला अपतानक असाध्य असतो, असे सुश्रुताने मनुष्यांविषयी सांगून ठेवले आहे. जखम आणि हा रोग यांचा संबंध त्यास ज्ञात होता. अज्ञात होते ते कारण. पानिपतच्याच वर्षी, १७६१ मध्ये, फ्रान्समधील लियाँ येथे पशुवैद्यकाची शाळा स्थापन झाली आणि १७९१ मध्ये लंडनला महाविद्यालय निघाले. परंतु या विद्यालयांनाही ते कारण दीर्घकाळ सापडले नाही.

मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १८८४ मध्ये, निकोलायर याने मातीपासून प्राण्यांत धनुर्वात उत्पन्न होतो हे दाखविले होते. १८८९ मध्ये कितासातो याने त्याचे जंतू वेगळे केले, आणि १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध प्रसिद्ध केला. त्याच दशकात नोकार या फ्रेंच पशुवैद्याने हे प्रतिविष जखमी घोड्यांना आधीच टोचून रोग टाळता येतो, हे सिद्ध केले. हे द्रव्य मिळविले जाई ते घोड्याच्याच रक्तातून. पुढे हजारो जखमी मनुष्यांचे प्राणही त्याने वाचले.

यावरून जुन्या अश्ववैद्यकाचे मूल्यमापन दोन भागांत करणे न्याय्य ठरेल. जे डोळ्यांस दिसत होते, म्हणजे घाण, पू आणि वाढीव मांस, त्याविषयी त्याचा क्रम योग्य होता. जे दिसत नव्हते त्यापुढे ते निरुपाय होते. कौटिल्याचा दंड वैद्याच्या अपराधावर बेतलेला होता. परंतु मेलेल्या घोड्याकडे पाहून अपराध कोणता आणि असाध्यता कोणती, हे ठरविण्याचे साधन न्यायाधिकाऱ्यापाशी नव्हते. ही सीमारेषा प्रयोगशाळेत आखली जाईपर्यंत कित्येक सालोत्र्यांच्या माथी मातीचा दोष आला असेल. घोडदळाचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यांचीही दखल घेणे उचित होय.