तळटीप : ‘त्या बायकांचं पुढं काय झालं?’

१४. कॉटन ग्रीनच्या चाळीत, १९७२ साली नळावर लेखिकेच्या मावशीने विचारलेला हा प्रश्न बांगलादेश युद्धाबद्दलचा आहे. पाकिस्तानी लष्कर आणि त्याला साथ देणाऱ्या स्थानिक रझाकारांच्या अत्याचारांना बळी पडलेल्या स्त्रियांना नव्या सरकारने ‘बीरांगना’ हा किताब दिला. किताबाने कुणाला घरात घेतले नाही. पोटुशी असेल तर माहेर-सासर दोन्हीची दारे बंद. तिथे गर्भपात हा गुन्हा होता. या स्त्रियांपुरती ती बंदी उठवण्यात आली. ऑस्ट्रेलियन डॉक्टर जेफ्री डेव्हिस यांनी तर दिवस बरेच वर गेलेल्या, जिवावर बेतू शकेल अशा केसेस हाताळल्या. जन्मलेल्या मुलांना परदेशी दत्तक देता यावे म्हणून १९७२ मध्ये खास आदेश निघाला. आईला काय हवे, हे विचारायला मात्र फारसे कुणी थांबले नाही.

त्याच काळात, १ एप्रिल १९७२ पासून, भारतात गर्भपाताचा कायदा लागू झाला. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा होते. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा मनस्ताप ही गंभीर मानसिक इजा, असे या कायद्याने मानले. २०२१ च्या नियमांत सरकारने जाहीर केलेल्या आपत्ती-आणीबाणीत सापडलेल्या गर्भवतींनाही गर्भपातासाठी २४ आठवड्यांपर्यंतची मुदत मिळाली. आज मावशीच्या चाळीतली एखादी बलात्कारातून गर्भ राहिला म्हणून परळच्या केईएम रुग्णालयात गेली, तर पोलिसांत तक्रार नोंदवलेली नाही म्हणून तिला उपचार नाकारता येत नाहीत. – संपा.