बडोद्याचे स्पिटफायर

बर्मिंगहॅमच्या पूर्वेला, कॅसल ब्रॉमिच भागात एक मोठा राउंडअबाउट आहे. त्याच्या मधोमध तीन विमाने तीन दिशांना आकाशात झेपावताना दाखवली आहेत. टिम टॉल्किन या शिल्पकाराचे हे काम सन २००० मध्ये उभे राहिले. नोकरीच्या काळात मी त्या चौकातून शेकडो वेळा गेलो असेन, पण माझे सगळे लक्ष उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर. या शहरातल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचे असेच असेल.

त्या विमानांकडे मान वर करून बघायला लावले ते आमच्या नातवाने, आणि तेही अप्रत्यक्षपणे. त्याच्या नवव्या वाढदिवसाला कोणीतरी स्पिटफायर विमानाच्या मॉडेलचा खोका भेट दिला. आत करड्या प्लॅस्टिकचे साठ-सत्तर तुकडे, फ्रेमला चिकटलेले. चिरंजीवांनी उत्साहाने वैमानिक खुर्चीवर बसवला, पण गोंद वाळायला वेळ लागतो म्हटल्यावर त्यांचा उत्साह त्या गोंदाच्या आधीच वाळला. अर्धवट खोका आमच्या घरी राहिला. मी निवृत्त इंजिनिअर, अर्धवट टाकलेले काम बघवत नाही. ‘अहो, पुरे करून टाका एकदाचं, डायनिंग टेबल मोकळं होईल,’ असे सौ.ने सुचवले. टेबल पुढे चार महिने मोकळे झाले नाही.

या मॉडेलची पट्टी एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांना एक इंच. सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. फूट-इंचाच्या देशाला शोभेल असाच हिशेब. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच, तेव्हा मॉडेल साधारण साडेपंधरा सेंटिमीटरचे, तळहातावर मावणारे. ही पट्टी खेळण्यांच्या दुकानातून आली, पण युद्धात ती सैन्याच्या कामी आली. तोफेवरच्या सैनिकाला आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे दोन-चार सेकंदांत ओळखायचे असते, आणि ते शिकवायला छोटी मॉडेले वापरली गेली. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली शाळकरी मुलांकडून अशी पाच लाख लाकडी मॉडेले करून घेण्याची मोहीमच काढली होती.

ओळखण्यात चूक झाली तर काय होते हे ब्रिटनला युद्धाच्या चौथ्याच दिवशी कळले. ६ सप्टेंबर १९३९ रोजी ७४ व्या स्क्वाड्रनच्या स्पिटफायरनी ५६ व्या स्क्वाड्रनची दोन हरिकेन शत्रूची समजून पाडली. त्यात एक तरुण वैमानिक गेला. त्या युद्धात मारला गेलेला हा पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक, आणि त्याला मारले स्वकीयांनी.

युद्धानंतर हाच उद्योग मुलांच्या हाती आला. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासिताने १९३९ साली एअरफिक्स कंपनी काढली. सुरुवातीला हवा भरलेली रबरी खेळणी, मग कंगवे, आणि पन्नाशीच्या दशकात वुलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगांना मिळणारी मॉडेले. परदेशातून येऊन इंग्रज पोरांना त्यांच्याच विमानाचे वेड लावणारा हा गृहस्थ मला फार आवडला.

आता कामाकडे वळतो. स्पिटफायरची गोम त्याच्या पंखात आहे. आर. जे. मिचेल यांनी आखलेले हे विमान ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले आणि पुढच्या वर्षी मिचेल कॅन्सरने वारले. त्यांनी आपले विमान युद्धात पाहिलेच नाही. पंख दोन्ही बाजूंनी निमुळता होत जाणारा, लंबवर्तुळाकार आणि पातळ. उडायला उत्तम, करायला महाकठीण. मॉडेलमध्येही पंख जिथे धडाला मिळतो तिथेच फट राहते. माझ्या खोक्यात तर एका बाजूला नख जाईल एवढी होती. कंपनीचे नाव घेत नाही, पण साच्याचे वय माझ्याइतकेच असावे. तिथे पुटी भरायची, वाळली की पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासायची, आणि बोट फिरवून बघायचे. डोळ्याला न दिसणारी फट बोटाला कळते.

या घासाघाशीचा कंटाळा आला की मी वाटाण्याच्या डाळीची गोष्ट आठवत असे. खऱ्या स्पिटफायरच्या पत्र्यावर हजारो रिव्हेट होते आणि ते पृष्ठभागाशी सपाट बसवायला वेळ नि पैसा फार लागे. सगळेच सपाट हवेत का, हे ठरवायला त्या लोकांनी एका विमानाच्या प्रत्येक सपाट रिव्हेटवर वाटाण्याच्या डाळीचा एकेक दाणा गोंदाने चिकटवला आणि विमान उडवले. वेग ताशी वीस मैलांहून अधिक घटला. मग एकेका भागावरची डाळ काढत परत परत उड्डाणे केली, आणि कुठे गोल डोक्याचे रिव्हेट चालतील ते ठरले. सौ.ला हे सांगितले तेव्हा तिने डाळ वाया गेली का, एवढेच विचारले.

कॅसल ब्रॉमिचचा कारखाना १९३८ साली लॉर्ड नफिल्ड यांच्याकडे सोपवला होता. मोटारी धडाधड बाहेर काढणाऱ्यांना विमान म्हणजे काय मोठे, असा तेव्हाचा समज. मे १९४० पर्यंत तिथून एकही स्पिटफायर बाहेर पडले नाही. मग लॉर्ड बीव्हरब्रुक विमान-उत्पादन मंत्री झाले, त्यांनी कारखाना काढून घेऊन व्हिकर्सकडे दिला, आणि जूनमध्ये पहिली दहा विमाने निघाली. एकूण वीस हजारांवर स्पिटफायर झाली, त्यातली निम्म्याहून अधिक, सुमारे बारा हजार, इथली. साउदॅम्प्टनचा मूळ कारखाना सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाल्यावर ते काम गावोगावच्या गॅरेजांत आणि बसडेपोंत वाटून दिले गेले. म्हणजे आमच्या डायनिंग टेबलाला पूर्वपरंपरा आहे.

रंगाच्या पायरीला आलो आणि खरा घोळ सुरू झाला. रंग कोणते द्यायचे हे तारखेवर अवलंबून असते. १९४० सालचे विमान वरून गडद हिरवे आणि मातकट तपकिरी. पुढच्या वर्षी लढाया खाडीवर, फ्रान्सच्या बाजूला सरकल्या, तेव्हा ऑगस्ट १९४१ पासून तपकिरीची जागा समुद्री करड्याने घेतली आणि पोटाकडचा रंगही करडा झाला. पंखाच्या पुढच्या कडेला पिवळी पट्टी आणि शेपटीजवळ फिका हिरवट पट्टा, आपल्यांनी आपल्याला ओळखावे म्हणून. मे १९४२ मध्ये गोल चिन्हातली पिवळी आणि पांढरी कडी बारीक केली. तेव्हा मॉडेल करणाऱ्याने आधी तारीख ठरवायची, आणि तारखेसाठी स्क्वाड्रन ठरवायचे.

स्क्वाड्रनांची यादी चाळताना मी थबकलो. १२२ (बॉम्बे). १२९ (म्हैसूर). १३२ (सिटी ऑफ बॉम्बे). १५२ (हैदराबाद), त्यांच्या बोधचिन्हात तर निजामाचा शिरपेच. आणि मध्ये १२४ (बडोदा), बोधचिन्ह मुंगूस. ही सगळी स्पिटफायर उडवणारी ब्रिटिश हवाई दलाची स्क्वाड्रने, आणि ही नावे हिंदुस्थानातून आलेल्या देणग्यांची खूण. त्या वेळी एका स्पिटफायरची ‘किंमत’ पाच हजार पौंड ठरवली होती. खरा खर्च त्याहून बराच जास्त, पण पाच हजार दिले की विमानावर आपण सांगू ते नाव रंगवीत. गावे, कारखाने, संस्था वर्गण्या काढीत. संस्थानिकांचा हात मोठा, त्यांची नावे अख्ख्या स्क्वाड्रनला.

आमची सौ. बडोद्याची, दांडिया बाजारातली. तिला यादी दाखवली. ‘म्हणजे आमचं विमान!’ म्हणाली. मग मॉडेल कोणाचे करायचे हा प्रश्न माझ्या हातात उरला नाही.

१२४ वे स्क्वाड्रन १० मे १९४१ रोजी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, कॅसलटाउनला उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते लंडनच्या दक्षिणेला बिगिन हिलवर आले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना सहाव्या मॉडेलची स्पिटफायर मिळाली, फार उंचीवर लढण्यासाठी हवाबंद केबिनची आणि टोकदार लांब पंखांची. त्या केबिनचे झाकण वैमानिकाला सरकवता येत नसे, खालची माणसे ते बाहेरून घट्ट बसवीत. वाचूनच जीव गुदमरतो. माझ्या खोक्यातले पंख आखूड, तेव्हा मी तारीख ठरवली १९४२ चा वसंत: समुद्री करडा रंग, जुनी जाड पिवळी कडी, आणि धडावर फिक्या रंगात ‘ओ एन’ ही स्क्वाड्रनची अक्षरे. खोक्यात ती नव्हती. दुसऱ्या एका खोक्यातली उरलेली अक्षरे कोमट पाण्यात भिजवून, कागदावरून अलगद सरकवून बसवली. ‘एन’चा एक पाय तुटला तो ब्रशने रंगवला. चष्म्यावर भिंग लावून.

नातू मधूनमधून येऊन बघत असे. अक्षरे बसली त्या दिवशी त्याने विचारले, ‘आजोबा, पण इंडिया तेव्हा ब्रिटिशांच्या विरुद्ध होता ना? मग आपण कुठल्या साइडला होतो?’

माझ्या वडिलांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. सातारा जिल्ह्यातले प्राथमिक शिक्षक, बेचाळीसच्या चळवळीत दीड वर्ष येरवड्याला होते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला. त्यानंतर अकराच दिवसांनी, १९ ऑगस्टला, फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएपच्या लढाईत बडोद्याच्या नावाची स्पिटफायर ग्रेव्हसेंडहून उडत होती. त्याच सुमारास बिहारमध्ये सरकारने आंदोलकांच्या जमावांवर विमानांतून मशीनगन चालवल्या. ती विमाने स्पिटफायर नव्हती, लढाऊ स्पिटफायर हिंदुस्थानात पोचली १९४३ साली. पण ज्याच्या डोक्यावर विमान येते त्याला त्याचे मॉडेल कोणते याने काय फरक पडणार?

आणि पैसा कोणाचा? संस्थानाच्या तिजोरीत शेवटी शेतसाराच जातो. बडोद्याचे नाव निघाले की आपल्याला सयाजीराव आठवतात. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ साली राज्यभर लागू केले, आंबेडकरांना अमेरिकेला शिष्यवृत्ती दिली, आणि १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे पुरेसे न वाकता पाठ फिरवली म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर आग ओकली. ते फेब्रुवारी १९३९ मध्ये वारले. स्क्वाड्रनला नाव मिळाले त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या कारकिर्दीत. नातवाचा पैसा सक्तीचा होता की खुशीचा, की दोन्ही? माझ्या मते दोन्ही. हिटलर जिंकावा असे तर माझ्या वडिलांनाही वाटत नव्हते. त्यांचे भांडण वेगळे होते, आणि ते त्यांनी तुरुंगात बसूनच केले.

याशिवाय प्रत्यक्ष उडणारेही होते. १९४० साली चोवीस हिंदी वैमानिक ब्रिटनला आले. त्यांतले महिंदरसिंग पुज्जी पगडी घालून हरिकेन उडवीत. ते २०१० साली वारले आणि २०१४ साली ग्रेव्हसेंडलाच त्यांचा पुतळा उभा राहिला.

हे सगळे नऊ वर्षांच्या मुलाला मी कसे सांगितले ते विचारू नका. निम्म्यातच तो म्हणाला, ‘सो, बोथ साइड्स.’ आणि बिस्किटे शोधायला गेला.

शेवटचे काम तारांचे होते. धडाच्या दोन्ही बाजूंनी शेपटीच्या टोकांपर्यंत जाणाऱ्या दोन बारीक तारा त्या काळच्या स्पिटफायरवर असत. जमिनीवरच्या रडारला ‘मी मित्र आहे, शत्रू नाही’ असे उत्तर देणाऱ्या यंत्राच्या त्या एरियल. ५६ व्या स्क्वाड्रनचे जे झाले ते पुन्हा होऊ नये म्हणून असली यंत्रे बसवली गेली. योगायोग असा की युद्ध संपल्यावर, १ एप्रिल १९४६ रोजी, आपल्या बडोदा स्क्वाड्रनचा नंबर बदलून त्याला ५६ वे हाच नंबर दिला गेला, आणि बडोद्याचे नाव संपले. या तारा करायला प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की दोन्ही हातांनी ओढायची. केसासारखा धागा निघतो. देवघरातली निरांजन वापरली म्हणून बोलणी खाल्ली.

विमान तयार झाल्यावर मी ते नातवाच्या खोलीत ठेवणार होतो. पण एका सकाळी ते दिवाणखान्यात, वडिलांच्या फोटोखालच्या फळीवर दिसले. ‘माहेरचं आहे, समोरच राहू दे,’ सौ. म्हणाली. मी काही बोललो नाही. गेल्या दिवाळीत फोटोला हार घालताना डावीकडची तार तुटली. अजून एक काडी शिल्लक आहे. या रविवारी नातू येतोय, तेव्हा मेणबत्ती त्याला धरायला सांगणार आहे.