सात-आठ मेंढरांची ऊब

निपाणीहून अक्कोळची गाडी धरा. खांद्यावर काळी घोंगडी असू द्या. उतरल्यावर तिची खोळ करा आणि डोक्यावरून ओढून घ्या. आत अंधार, आणि लोकरीचा तो उग्र, तेलकट वास. खोळ मागे सारता तेव्हा गाडी नाही, डांबर नाही. साल १९३२, दिवाळी नुकतीच उलटलीय.

हा मुंबई इलाखा, जिल्हा बेळगाव. कागलच्या अंगाला गेलात की कोल्हापूर संस्थान. मेंढरांना या हद्दी ठाऊक नाहीत. पावसाळ्यात पूर्वेच्या कोरड्या मुलखात गेलेले कळप आता परततायत. शेतकरी धनगराला धान्य देतो आणि लेंडीखतासाठी मेंढरं रात्रभर रानात बसवून घेतो. १८९२ साली याच अक्कोळात जन्मलेले संत बाळूमामा आता चाळिशीचे झालेत. तेही मेंढरांमागेच फिरतात, मराठी बोलतात तशी कानडीही.

ओढ्यात धुऊन वाळलेली मेंढी धनगरानं आडवी पाडलीय, पाय बांधलेत. कातर चालू लागते. लोकर वरून उन्हानं मातकट झालेली, आणि कातडीलगत उलगडली की कुळकुळीत काळी. हात लावून पाहा, बोटं चिकट होतात. हाच चिकटपणा पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर निथळवतो. कोकरांची पहिली लोकर, म्हणजे जावळ, वेगळी बांधली जाते. तिची घोंगडी मऊ होते. एका कातरणीत एका मेंढराची लोकर अर्धा किलोही भरत नाही. एका घोंगडीला सात-आठ मेंढरं तरी लागतात.

आता सोप्यात या. पिंजलेल्या लोकरीचा ढीग पुढ्यात घेऊन मावशी रहाटावर बसल्यात.

"बसा की पाव्हणं. घोंगडं हातरलंय न्हवं."

बसा, आणि त्यांचा अंगठा पाहा: तेलानं आणि मळानं काळा पडलेला, टोकाला घट्टा. मावशी सुताकडं बघतसुद्धा नाहीत. सूत तुटतं. मावशी दोन्ही टोकं एकावर एक ठेवतात, थुंकी लावतात, पीळ देतात. गाठ का मारत नाही, असं तुम्ही विचारता.

"गाठ फणीत अडाकती. मग माग थांबतोय."

घोंगडी विणायला जितके दिवस लागतात, त्याच्या कितीतरी पट कातायला जातात. बाजारात मात्र विणणाऱ्याची विचारपूस होते, कातणारीची नाही. मला हा अन्याय वाटतो, तेव्हाचाही आणि आजचाही.

घोंगडी विणणाऱ्या सणगराच्या अंगणात ताणा लावलाय. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ कुंच्यानं धाग्यांवर चढते, म्हणजे धागा ताठ राहतो. मग खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसतो आणि धोटा धावू लागतो. रंग कुठलाच नाही. काळ्यात जी पांढरी पट्टी दिसते, ती पांढऱ्या मेंढीची.

बाजारात हीच वस्तू एकजण घोंगडी म्हणून मागतो, शेजारचा कंबळी म्हणून. कानडी कुरुबांतल्या एका शाखेत तर लग्नाचं कंकणच लोकरीच्या धाग्याचं असतं.

पुन्हा खोळ ओढा. १ नोव्हेंबर १९५६ येतो, निपाणी आणि बेळगाव म्हैसूर राज्यात जातात. त्यातून उभा राहिलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याला भिजत घोंगडं म्हणताना मात्र खरी घोंगडी कुणाच्या ध्यानातही येत नाही.

खोळ काढा. आज मेंढी मटणासाठी पाळली जाते. म्हणून दख्खनी मेंढीच्या जागी लोकर कमी आणि अंगानं मोठी माडग्याळ आली. बाजार पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी भरला. धनगराला कातरणी चुकत नाही, पण लोकरीला गिऱ्हाईक नाही. कित्येकदा ती बांधावरच टाकून दिली जाते.

निपाणी-बेळगावच्या वाटेवर हातमागाची घोंगडी दिसली, तर घासाघीस करू नका. आणि विणली कुणी एवढंच नव्हे, सूत कुणी कातलं तेही विचारा.