सपाट रेषेचा इतिहास

सिस्को कंपनीची 'सीसीआयई' ही परीक्षा १९९३ साली सुरू झाली. नेटवर्किंगवाल्यांमध्ये तिचा दरारा अजून टिकून आहे. उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर नावापुढे लागतो. क्रमांकांची सुरुवात १०२४ पासून झाली, कारण दोनचा दहावा घात १०२४. तो पहिला क्रमांक कोणा माणसाला न देता परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच दिला गेला. १०२५ मिळाला परीक्षा तयार करणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांना आणि १०२६ मिळाला ती बाहेरून येऊन उत्तीर्ण झालेल्या टेरी स्लॅटरी यांना. २००१ पर्यंत प्रात्यक्षिक दोन दिवस चाले. नंतर ते एका दिवसावर, आठ तासांवर आलं. २०२० पासून त्या आठ तासांचे दोन भाग झाले आहेत: तीन तास आराखड्याचे, पाच तास प्रत्यक्ष उभारणीचे आणि दुरुस्तीचे.

या परीक्षेचा निकाल मात्र एका शब्दाचा असतो: पास किंवा नापास. तिथवर पोचायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि त्या काळात आपण कुठवर आलोय हे परीक्षा सांगत नाही. त्याची नोंद ज्याची त्यानेच ठेवायची. मी पुण्यात नोकरी सांभाळून, रात्री साडेनऊ ते बारा असा अभ्यास करतो. परीक्षेची फी १६०० डॉलर, शिवाय बंगळुरूला जाण्या-राहण्याचा खर्च. त्यामुळे "कुठवर आलंय?" हा प्रश्न घरात अधूनमधून निघतो, आणि तो रास्तच आहे. मुलीची शाळेची फी आणि ही फी एकाच खात्यातून जाणार असते. उत्तर द्यायचं तर वही उघडावी लागते.

अशी वही ठेवण्याची, शिकण्याचा आलेख काढण्याची पद्धत कुठून आली हे शोधायला गेलो, तर वाट थेट तारखात्यात पोचली. म्हणजे आमच्याच धंद्याच्या पणजोबांकडे.

१८९७ साली विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रायन इंडियाना विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ होते. हार्टर स्वतः आधी तारमास्तर होते. मोर्सची भाषा नव्याने शिकणाऱ्यांची त्यांनी दर आठवड्याला चाचणी घेतली: मिनिटाला किती अक्षरं पाठवता येतात आणि किती ऐकून उतरवता येतात. आठवडे आडव्या अक्षावर, वेग उभ्या अक्षावर. पाठवण्याची रेषा आधी झपाट्याने आणि मग सावकाश, पण चढत गेली. ऐकण्याची रेषा मात्र काही आठवडे चढली आणि मग सपाट झाली. शिकणारा रोज सराव करतोय आणि रेषा जागची हलत नाही. कित्येक आठवड्यांनी ती पुन्हा उसळली. या सपाट भागाला त्यांनी पठार म्हटलं.

१८९९ च्या दुसऱ्या लेखात त्यांनी कारण मांडलं. नवशिका आधी सुटी अक्षरं ऐकतो, मग अख्खा शब्द एकदम ऐकू लागतो, मग शब्दांचे गट. खालची पायरी अंगवळणी पडेपर्यंत वरची हाताला लागत नाही. पठारावर खालचं काम मुरत असतं, ते आलेखात दिसत नाही इतकंच. मुरलेला तारमास्तर कानावर पडेल ते लगेच लिहीत नाही, हेही त्यांनी नोंदवलं. तो यंत्राच्या सहा ते बारा शब्द मागे राहून लिहितो. अर्थ लागू देतो, मग हात चालवतो.

हे वाचून कोणीही सपाट रेषेवर खुशाल बसून राहील: थांब, आत मुरतंय! पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला मोर्स जाणणारी माणसं मोठ्या संख्येने हवी होती. त्या प्रशिक्षणाशी संबंध आलेल्या फ्रेड केलर यांनी पुढे १९५८ साली एक लेख लिहिला आणि त्यात या पठाराला भुताटकीचं म्हटलं. नंतरच्या शिकणाऱ्यांच्या आलेखांत ते पठार नेमाने दिसत नव्हतं. म्हणजे पठार हा शिकण्याचा नियम नव्हे. ते कसं शिकवलं, काय मोजलं यावरही अवलंबून असू शकतं.

माझ्या वहीतही पठार आहे. दर रविवारी मी एकच प्रश्न नव्याने सोडवतो: ओएसपीएफ आणि ईआयजीआरपी ही दोन राउटिंगची जाळी दोन ठिकाणी जोडायची आणि एकीकडचे मार्ग फिरून परत येऊन चक्र तयार होऊ द्यायचं नाही. पहिल्या रविवारी ९५ मिनिटं लागली, सातव्या रविवारी ५०. तेराव्या रविवारीही ५०. सहा आठवडे काटा हलला नाही. परीक्षेची तारीख घ्यायची की पुढे ढकलायची, हे ठरवायची वेळ नेमकी तीच होती.

टर्मिनलचे लॉग वेळेसकट जपलेले होते, म्हणून त्या ५० मिनिटांची फोड करून पाहिली. सातव्या आठवड्यात वाचनाला सहा मिनिटं, कमांड लिहायला २७, तपासायला आणि चुका शोधायला १७. तेराव्या आठवड्यात वाचनाला १५, लिहायला १७, तपासायला १८. बेरीज तीच, पण काम पूर्ण बदललेलं. हात भरभर चालू लागला होता आणि तो वाचलेला वेळ कागदावर जाळं बघण्यात जात होता: कुठला मार्ग कुठून परत शिरेल, टॅग कुठे लावायचा. तारमास्तराचं सहा ते बारा शब्द मागे राहणं ते हेच असावं, असं मला वाटलं. पंधराव्या रविवारी वाचन १५, लेखन १३, तपासणी आठ. एकूण ३६.

ब्रायन-हार्टर आणि केलर दोघांचंही म्हणणं माझ्या वहीत एकाच वेळी खरं निघालं. आत काहीतरी घडत होतं आणि ते न दिसण्याचं एक कारण माझी मोजपट्टी होती. अभ्यासाचे तास मोजले असते तर दोन्हींपैकी काहीच दिसलं नसतं. तास रोज वाढतातच.

आता वहीत आणखी एक रकाना आहे, तो हेर्मान एबिंगहाउस यांच्याकडून घेतलेला. १८८५ साली त्यांनी स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचतो ते मोजायचं. वीस मिनिटांनी ५८ टक्के वेळ वाचला, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. उतार सुरुवातीला तीव्र, नंतर मंद. मीही एमपीएलएसचा एक प्रश्न महिनाभर बाजूला ठेवतो आणि पुन्हा करताना किती वेळ वाचला ते लिहितो. निरर्थक अक्षरांपेक्षा अर्थ लागलेली गोष्ट जास्त टिकते, त्यामुळे माझे आकडे त्यांच्यापेक्षा बरे आहेत.

परीक्षेची तारीख आम्ही दोघांनी ही वही समोर ठेवून घेतली. बायको नेटवर्किंगमधली नाही, पण ५० ची फोड तिला लगेच कळली. पास होईन का, हे त्या रकान्यांतून कळत नाही. पैसे भरण्याइतकी तयारी झाली आहे का, तेवढं कळलं, आणि त्या आठवड्यात आम्हाला तेवढंच ठरवायचं होतं.