दर्शन, स्पर्शन, प्रश्न : महामारी आणि दूरस्थ वैद्यक

रोगी तपासण्याच्या तीन वाटा आयुर्वेदाने सांगितल्या आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्याने रोग्याला पाहावे, हात लावून तपासावे आणि विचारावे. मार्च २०२० मध्ये यांतील मधली वाट असंख्य रुग्णांसाठी एकाएकी बंद झाली. मोबाइलच्या पडद्यावरचे दर्शनही अर्धेमुर्धेच होते. उरला तो प्रश्न, आणि प्रश्नाला उत्तर देणारी भाषा. दूरस्थ वैद्यकाचा इतिहास सहसा तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो स्पर्श आणि शब्द यांच्या बदलत्या नात्याचा इतिहास वाटतो. त्याचे एक जुने पान कोल्हापूरचे आहे.

१८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर झाली. आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे कोल्हापूरकरांचे ‘सीपीआर’, ते हेच. पदभार स्वीकारण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. परंतु ती नेमणूक ज्या गरजेतून झाली, ती लक्षात घेण्याजोगी आहे. पुरुष डॉक्टरसमोर आपले दुखणे उघड करणे तत्कालीन स्त्रीला अशक्यप्राय होते. डॉक्टर चार हातांवर असला तरी संकोचामुळे तो दूरच राही. अंतर केवळ कोसांत मोजायचे नसते, हा धडा तेव्हाचाच.

दहा वर्षांनी प्लेग आला आणि स्पर्शाचा प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, आणि स्त्रीपुरुषांच्या शरीरांची तपासणी हा लोकांना अपमान वाटला. त्या क्षोभाची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवरील गोळीबारात झाली. हाच कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये पुन्हा वापरला. तेव्हा राज्यसत्तेने स्पर्श लादला होता. आता तिने तो शक्य तेथे टाळायला सांगितले.

दूरस्थ वैद्यक मात्र कोरोनाने जन्माला घातले नाही. आंध्र प्रदेशातील अरगोंडा येथे २००० साली त्याचे केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी ‘इस्रो’ने उपग्रहाद्वारे रुग्णालये जोडण्यास आरंभ केला. तरीही ही व्यवस्था मुख्यतः एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेण्यापुरती राहिली. घरी बसलेल्या रुग्णाने डॉक्टरला फोन करावा आणि औषध घ्यावे, हे रोज घडत होते. त्याला स्पष्ट नियम मात्र नव्हते. २०१८ मध्ये रत्नागिरीतील एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात, डॉक्टर गैरहजर असताना फोनवरून औषधे सांगितली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला आणि निदानाविना औषधयोजना करण्याबाबत कठोर भूमिका घेतली. त्या निर्णयानंतर फोनवर औषध सांगताना डॉक्टर बिचकू लागले, तर नवल नव्हते.

ही कोंडी २५ मार्च २०२० रोजी फुटली. देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी दूरस्थ वैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. दृश्य संवाद, ध्वनी आणि लिखित मजकूर ही तिन्ही माध्यमे मान्य झाली. डॉक्टर व रुग्ण दोघांचीही ओळख स्पष्ट हवी, कोणती औषधे लिहून द्यावीत याला मर्यादा हवी, आणि प्रत्यक्ष तपासणी आवश्यक वाटल्यास डॉक्टरने रुग्णाला तसे सांगावे, असे दंडक आले. १३ एप्रिल २०२० रोजी ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. डिसेंबर २०२० मध्ये ‘ई-संजीवनी’वरील सल्ल्यांनी दहा लाखांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटींचा. दोन दशके जे रेंगाळले होते, ते तीन वर्षांत अंगवळणी पडले.

कोल्हापूरला दुरावा दुहेरी भोगावा लागला. २०२१ च्या जून-जुलैत राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरत असताना येथे बाधितांचे प्रमाण चढेच होते. त्यातच जुलैअखेर पंचगंगेला पूर आला आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. रोगाने माणसे तोडली होती, पाण्याने रस्ते तोडले. अशा वेळी दूरचा आवाज ही चैन राहत नाही.

पण त्या आवाजाला सांगायचे काय आणि कसे? येथे आम्हां भाषेच्या अध्यापकांचे कुतूहल जागे होते. मराठीत दुखण्याला शब्दांची वाण नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा पडतो, अंगात कसकस भरते, भोवळ येते, जीव घाबरा होतो. प्रत्येक शब्दाची छटा वेगळी. समोरासमोर रुग्ण नुसते ‘इथं’ म्हणून बोट ठेवतो आणि डॉक्टरचा हात उरलेले वाक्य पूर्ण करतो. फोनवर ते वाक्य रुग्णालाच पुरे करावे लागते. ‘जीव घाबरा होतो’ म्हणजे श्वास अडतो, छाती धडधडते की भीती वाटते? उत्तरावर उपचार अवलंबून असतो. नेमका शब्द सुचणे ही येथे अलंकाराची नव्हे, प्रकृतीची बाब होते.

शिवाय, बोलतो कोण? ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हाती, तेथे बाईचे दुखणे दुसऱ्याच्या तोंडून सांगितले जाते. आनंदीबाईंच्या काळचा आडपडदा येथे नव्या रूपात परततो.

म्हणूनच महामारी ओसरल्यावर जे घडले ते आम्हांला अधिक अर्थपूर्ण वाटते. ‘ई-संजीवनी’चा बहुतांश वापर आता घरी एकट्या बसलेल्या रुग्णाकडून होत नाही, तो गावच्या आरोग्य केंद्रांतून होतो. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतो वा बसते, रक्तदाब मोजते, दुखरी जागा पाहते आणि पडद्यावरील डॉक्टरला सांगते. स्पर्श परतला, पण दुसऱ्याच्या हाताने. शब्द रुग्णाचे, पण दुसऱ्याच्या भाषांतरातून. हे भाषांतर मूळाशी प्रामाणिक आहे की नाही, यावर या साऱ्या व्यवस्थेचे मोल ठरते.

गगनबावडा किंवा चंदगडच्या वाडीतील बाई या पडद्यासमोर बसते, तेव्हा तेथे तज्ज्ञ डॉक्टर उपलब्ध असणे ही मोठीच गोष्ट आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत ऐकून घेणारे कोणी शेजारी आहे का, हे विचारलेच पाहिजे. १८८६ मध्ये आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाने एका एकवीस वर्षांच्या स्त्री-डॉक्टरला बोलावले होते, ते याच प्रश्नाचे उत्तर म्हणून.